शहराची उलट बाजू

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ विचारून ठरली नाही. दुसऱ्यांच्या घरात आई "हो" म्हणते, वडील "बघू" म्हणतात, मुलं रडतात आणि मामला मिटतो. आमच्याकडे वादविवाद स्पर्धा व्हायची. विषय कागदावर लिहिला जायचा, प्रत्येकाला पाच मिनिटं मिळायची, चार मिनिटं झाली की बाबा स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे आणि शेवटी शंभरपैकी गुण देऊन निकाल लागायचा. मांजर पाळावं की नाही, आईनं केस कापावेत की नाही, दादानं कॉलेजात जावं की पंप दुरुस्तीचं काम शिकावं, सगळं असंच ठरलं.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, पण ते पगारापुरतं. खरा जीव होता तो शाळेच्या वादविवाद संघात. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना बोलायला शिकवलं आणि पद्धत एकच: ज्याचं जे मत असेल, त्यानं त्याच्या उलट बाजूनं बोलायचं. "स्वतःच्या बाजूनं गाढवही ओरडतं," असं ते म्हणायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'उलटे सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

घरातही तोच नियम. मांजर मला हवं होतं, म्हणून नऊ वर्षांची असताना मी मांजरांविरुद्ध पाच मिनिटं बोलले. दादाला मांजर नको होतं, म्हणून तो मांजराच्या बाजूनं उभा राहिला, आणि बोलता बोलता आपण मुळात कोणत्या बाजूचे हेच विसरून गेला. शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाहेर थंडी वाजत असेल हो त्याला!" मांजर आलं. तेरा वर्षं जगलं आणि तेराही वर्षं दादाच्याच पायाशी झोपलं.

दोन पोटनियमही होते. एक म्हणजे मुद्दाम हरायचं नाही. परीक्षकाला तसा नुसता संशय आला तरी निकाल तुमच्या मनाविरुद्ध लागायचा. दुसरा म्हणजे भाषण झाल्यावर वक्त्यानं खुलासा करायचा नाही. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य आमच्या घरात शिवीसारखं धरलं जायचं.

या सगळ्याला आईच काय ती पुरून उरली. तिला नवा स्टोव्ह हवा होता, म्हणजे नियमानं तिला जुन्या स्टोव्हची बाजू घ्यावी लागणार होती. ती उठली, "जुना स्टोव्ह चांगला आहे," एवढंच म्हणाली, तो आणून परीक्षकांच्या टेबलावर ठेवला, पेटवला, खिडक्या लावून घेतल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिसऱ्या मिनिटाला परीक्षक खोकत खोकत अंगणात गेले. निकाल तिथूनच जाहीर झाला.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. ती गेल्यावर बाबा गावीच राहिले, दादाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना शहरात माझ्याकडे आणलं. सहा आठवड्यांसाठी. त्याला चौदा महिने झाले.

मी कवळ्या बनवते. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवतो, मी मेणावर एकेक दात लावते, घासते, पुन्हा लावते. दिवसभर परक्या माणसांच्या हसण्याची सोय बघायची आणि संध्याकाळी स्वतः तोंड वाकडं करून घरी यायचं, असा माझा दिनक्रम. लग्न केलं नाही. जन्मात एक परीक्षक पुरे झाला.

पण बाबा आले आणि घर बदललं. चौथ्या मजल्यावर मी किल्ली शोधत उभी असायची, आता आतून दार उघडायला लागलं. मी आल्या आल्या कोणाच्या तरी नावानं खडे फोडायचे आणि बाबा त्या माणसाची बाजू घ्यायचे. मग आम्ही तासभर भांडायचो आणि मला कडकडून भूक लागायची. इमारतीत मात्र लोक दचकून असत. बाबा लिफ्टमध्ये चढले की विषय काढत. "तुम्हाला काय वाटतं, शाळांना सुट्ट्या जास्त आहेत का?" समोरचा बिचारा "हो" म्हणाला की बाबा म्हणत, "छान, आता नाहीत असं सिद्ध करा. तळमजल्यापर्यंत वेळ आहे." दोन महिन्यांत सोसायटीनं नोटीस लावली: लिफ्टमध्ये वादविषय काढू नयेत. बाबांनी त्या नोटिशीखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'प्रतिपक्ष?'

मला बाबा हवे होते. हे आधीच स्पष्ट सांगून ठेवते, कारण पुढं मी जे काही बोलले त्यावरून कोणालाही तसं वाटणार नाही.

एका बुधवारी दादाचा फोन आला. "बाबांची खोली रंगवून घेतली आहे. रविवारी येतो न्यायला."

"म्हणजे काय? विचारलंस कोणाला?"

"अगं, किती दिवस ठेवणार त्यांना शहरात?"

"ठेवणार म्हणजे? ते काय सामान आहेत? आणि चौदा महिने झोपला होतास का?"

"शहरात म्हाताऱ्या माणसाला काय आहे, ते तर सांग."

"आणि तुझ्या गावात काय आहे? पंप?"

वीस मिनिटं आम्ही असे भांडलो. बाबा समोरच वर्तमानपत्र धरून बसले होते आणि वीस मिनिटांत त्यांनी एकदाही पान उलटलं नाही. मी फोन आपटल्यावर ते उठले, टेबलाशी गेले आणि एका कागदावर लिहिलं: 'शहर हे राहण्यास चांगले ठिकाण आहे.'

"रविवारी अकरा वाजता," ते म्हणाले. "चांगलं ठरलं तर मी इथे राहीन. नाही ठरलं तर जाईन."

"बाबा, तुम्हाला कुठं राहायचंय ते सांगा की सरळ."

"मी परीक्षक आहे," बाबा म्हणाले. "परीक्षकाला मत नसतं."

आता माझी पंचाईत बघा. शहर चांगलं आहे असं मला वाटतं, म्हणून मला शहराला झोडपायचं होतं. चांगलं बोलले तर शहर हरणार आणि बाबा जाणार. वाईट बोलले तर मुद्दाम हरल्याचा ठपका, आणि बाबा तरीही जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दादाची गत याहून वाईट होती. शुक्रवारी दुपारी मी दाढांच्या एका जोडीवर वाकलेली असताना त्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"ऐक ना, शहरात चांगलं काय असतं गं?"

"का?"

"मला त्या बाजूनं बोलायचंय ना. तीनच मुद्दे सुचतायत, आणि त्यातला एक सरकता जिना आहे."

मी मेण कोरायचा चाकू खाली ठेवला. देव पावला म्हणतात तो असा. मी त्याला सात मुद्दे दिले, उदाहरणांसकट, शेवटच्या वाक्यासकट. दोन ठिकाणी थांबून श्वास कुठं घ्यायचा तेही सांगितलं. मग साळसूदपणे म्हटलं, "मलाही शहराविरुद्ध काही सुचव की." त्यानं पाच मिनिटं डोकं खाजवलं असावं, कारण फोनवर खरखर ऐकू येत होती. शेवटी म्हणाला, "धूर," आणि जरा वेळानं, "शेजारी." मला गहिवरून आलं. एवढ्या दुबळ्या शिदोरीवर मी प्रामाणिकपणे हरू शकले असते.

रविवारी साडेदहाला दादा आणि वहिनी आले. वहिनी गावात शाळेचे गणवेश शिवतात. बाई सरळ, हात सरळ, शिवण सरळ. आमच्या घरात पंचवीस वर्षं काढूनही त्यांनी एकदाही वादविवादात भाग घेतला नव्हता. त्यांच्या हातात एक मोठी सुटकेस होती. मी ती उचलून कोपऱ्यात ठेवायला गेले तर ती हलकीफूल. रिकामी! बाबांचे कपडे न्यायला रिकामी सुटकेस घेऊन आल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ती मुद्दाम चपलांच्या रांगेत ठेवली.

"वन्सं, रागावलात का?" वहिनींनी विचारलं.

"छे," मी म्हटलं, आणि चहात साखर घालायची राहिली.

बाबांनी टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं होतं. पेला, चमचा, घड्याळ, कागद, पेन्सिल. ऑपरेशननंतर प्रथमच मी त्यांना कोट घातलेलं पाहिलं. अकरा वाजले. खालच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोक पाडायचं यंत्र सुरू केलं. बाबांनी ते थांबण्याची वाट पाहिली, ते थांबलं, आणि बाबा म्हणाले, "प्रथम वक्ते."

दादा उठला. खिशातून कागद काढला. माझे सातही मुद्दे त्यानं स्वतःच्या अक्षरात उतरवून आणले होते, आणि 'श्वास' हा शब्दही.

"आदरणीय परीक्षक, शहर म्हणजे संधी. शहर म्हणजे सोयी. श्वास," असं त्यानं वाचलं आणि स्वतःच दचकला. बाबांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी खिडकीबाहेर पाहू लागले. दोन मिनिटं त्यानं ते रडतखडत वाचलं. मग तो अडला, कागद खाली ठेवला, आणि तिथंच माझं नशीब उघडलं असं मला वाटलं, कारण दादा आता विसरायला लागला होता.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "इथं मला कोणी ओळखत नाही, हे फार बरं आहे. गावात मी केसांचा कलप घेतला तर संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं, कोणाचं लग्न आहे. दुकानात बसलो तर म्हणतात काम नाही वाटतं, नाही बसलो तर म्हणतात तब्येत बरी नाही वाटतं. आज सकाळी बसमधून उतरलो आणि अर्धा तास चाललो, एका माणसानं विचारलं नाही कुठं निघालास म्हणून. मला इतकं हलकं वाटलं!" वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आणि इथं सरकता जिना आहे," तो पुढं म्हणाला. "आणि इथं दवाखाना सात मिनिटांवर आहे. सात मिनिटं. आम्ही आईला घेऊन निघालो तेव्हा दीड तास..."

तो थांबला. चार वर्षांत त्यानं ही गोष्ट काढली नव्हती. मीही नव्हती काढली. चार मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पण बाबांचा चमचा हातातच राहिला होता.

"म्हणून शहर चांगलं," दादा म्हणाला आणि खाली बसला.

आता माझी पाळी. मी ठरवलं होतं: मध्यम बोलायचं. फार बरं नाही, फार वाईट नाही. धूर, शेजारी, आभार. दादाच्या त्या दीड तासापुढं जिंकण्याची आशा माझ्यासारखीनं करूच नये, आणि मला ती करायचीही नव्हती.

"आदरणीय परीक्षक, शहरात धूर आहे," मी म्हटलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं ते यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि माझं डोकं फिरलं. "आणि ही माणसं आहेत! रविवारी सकाळी कोणाला भिंतीला भोक पाडायचं असतं? काय टांगणार आहेत एवढं? तीन वर्षं तो माणूस भोकं पाडतोय, त्याची भिंत आता चाळणी झाली असेल. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकते, तक्रार करायला खिडकी क्रमांक चार, आणि खिडकी क्रमांक चार ही भिंत आहे, मी स्वतः पाहून आले! आंघोळीला बसलं की वरच्या मजल्यावरचे नळ सोडतात आणि आपण साबण लावून पुतळ्यासारखं बसायचं!"

वहिनी खुदकन हसल्या. मला कोणी हसलं की मग आवरत नाही. हा माझा जुना रोग आहे, आणि बाबांनीच लावलेला.

"आणि म्हातारी माणसं?" मी म्हटलं. "मी साडेसातला बाहेर पडते आणि सातला परत येते. तेवढ्या वेळात घरातला म्हातारा माणूस काय करतो? लिफ्टमधली सूचना वाचतो. लिफ्टची क्षमता सहा माणसं, चारशे आठ किलो, हे त्याला पाठ आहे. वीज मीटर वाचायला येणाऱ्या माणसाची तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी दाढी करतो. आणि दुपारी बसथांब्यावर जातो. बस पकडायला नाही. वाद घालायला! थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बोलतं करतो, मुद्दा रंगात येतो, आणि बस येते. प्रतिपक्ष अर्ध्या वाक्यात बसमध्ये चढून निघून जातो. रोज! चौतीस वर्षं ज्यानं गावातल्या निम्म्या लोकांना बोलायला शिकवलं, त्याला इथं वाक्य पुरं करायला माणूस मिळत नाही! आणि संध्याकाळी मुलीनं विचारलं की म्हणतो, आज फार छान दिवस गेला."

टणकन चमचा वाजला. वहिनी टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांनाही काहीतरी कळलं आणि टाळ्या मंदावत थांबल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बसथांब्याची गोष्ट मला तिथल्याच एका पानवाल्यानं सांगितली होती, आणि मी ती बाबांपाशी कधी काढणार नव्हते. आता ती खोलीच्या मधोमध पडली होती आणि खुलासा करायला नियमानं बंदी होती. बाबा शांतपणे कागदावर आकडे मांडत होते.

"मांडणी, मुद्दे, वेळ," ते म्हणाले. "प्रथम वक्ते, एकाहत्तर. द्वितीय वक्ते, एकाहत्तर."

दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यात बरोबरी दिली नव्हती. बरोबरी म्हणजे परीक्षकाचा आळस, असं ते म्हणत. एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांनी पाव गुणाचा फरक काढला होता आणि दोन शाळा त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हत्या.

"आता काय?" दादानं विचारलं.

"आता तुम्ही दोघं ठरवा."

तेव्हा वहिनी उठल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. "माफ करा हं बाबा, पण मला तुमच्या घरातलं हे काही म्हणता काही कळत नाही. ज्याला राहायचंय त्याला विचारायचं सोडून तुम्ही शहराला काय विचारत बसलात? तुम्ही बोला. कुठं राहायचंय तुम्हाला?"

"परीक्षकाला..."

"परीक्षक राहू द्या. गुण दिलेत ना? झालं तुमचं काम. आता वक्ते व्हा. हवं तर तुमच्या नियमानं बोला, पण बोला."

बाबा घाबरले. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, पेला माझ्यासमोर सरकवला, आणि कोटाचं बटण लावत टेबलापुढं येऊन उभे राहिले.

"शहर," ते म्हणाले, "हे राहण्यास चांगलं ठिकाण आहे."

दादाचा चेहरा पडला. वहिनींनी निःश्वास सोडला.

"मी हे चौदा महिन्यांच्या अनुभवावरून सांगतो. या शहरात माझी मुलगी राहते. माझ्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. दुपारचे थेंब घालायला ती सहा आठवडे रोज कामावरून बसनं घरी आली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. येण्याजाण्यात सत्तावीस मिनिटं जायची. म्हणजे ती सहा आठवडे दुपारी जेवली नाही, आणि मला सांगत होती की तिकडे खाऊन आले."

मला वाटलं होतं हे त्यांना कळलं नसेल. डोळ्यांवर काळा चष्मा होता ना.

"ती घरी येते तेव्हा तिच्या नखांत पांढरं प्लॅस्टर असतं आणि तोंडात शिव्या असतात. दार उघडून मी तिला बघतो तेव्हा घरात दिवा लागल्यासारखं होतं. ती माझ्याशी भांडते. म्हाताऱ्या माणसाशी लोक गोड बोलतात, त्याहून वाईट काही नाही. ही माझ्याशी समान पातळीवर भांडते, आणि तीनपैकी दोनदा जिंकते. ती लहान असताना मी तिला कधी शाबासकी दिली नाही. मला वाटायचं, शाबासकीनं वक्ता बिघडतो. ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती. आजही तिचं भाषण ऐकताना मला अभिमान वाटत होता. अशी मुलगी ज्या शहरात आहे, ते शहर वाईट कसं म्हणू?"

ते असे बोलत राहिले. एकदाही अडखळले नाहीत, एकदाही खोकले नाहीत. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते सगळं मला एका दमात मिळत होतं, आणि मला त्यांना हात जोडून सांगावंसं वाटत होतं, बाबा, थांबा, एवढं चांगलं बोलू नका. कारण मी त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होते. त्यांच्या मनात काय आहे ते मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं.

चार मिनिटं झाली. पाच झाली. चमचा माझ्या हातात होता आणि मी तो वाजवला नाही. शेवटी ते स्वतःच थांबले, खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसायला लागले.

दादा डोळे पुसत उठला. "झालं मग," तो म्हणाला. "बाबांना इथंच बरं वाटतंय. एवढं सगळं ऐकल्यावर मी कोणत्या तोंडानं नेऊ?" तो पुन्हा विसरला होता. पन्नाशी गाठली तरी याचं मांजर काही सुटलं नव्हतं. "चल गं, एकची बस मिळेल."

"खरंच," वहिनी नाक शिंकरत म्हणाल्या. "बाबा इथंच सुखी आहेत. आमचंच चुकलं, वन्सं." आणि त्यांनी चपलांतून ती रिकामी सुटकेस उचलली.

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून काच पुसत होते. ती काच केव्हाच स्वच्छ झाली होती. खुलासा त्यांनी केला नसता. चौतीस वर्षं पाळलेला नियम त्यांनी स्वतःसाठी मोडला नसता. म्हणजे खोलीत खरं माहीत असलेली माणसं दोनच, आणि त्यातल्या एकाला बोलायची बंदी होती. मी फक्त मूग गिळून बसायचं होतं. रोज संध्याकाळी दार उघडलं असतं. दवाखाना सात मिनिटांवर राहिला असता. बाबा एका शब्दानं बोलले नसते, उद्या दाढी करून थांब्यावर गेले असते, आणि मी विचारलं असतं तर म्हणाले असते, आज फार छान दिवस गेला.

मी गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं. दादानं एक बूट घातला तरी मी गप्प होते. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ कधी गप्प बसले नव्हते. दादा दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला वाकला.

"दादा," मी म्हटलं, "बूट काढ."

"का?"

"अरे शहाण्या, ते उलट बाजूनं बोलत होते."

दादा तसाच वाकलेला राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली, आणि मग तो बाबांकडे वळला. "म्हणजे तुम्हाला... यायचंय?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अहो पण मग सरळ सांगायचं ना!" वहिनी जवळजवळ ओरडल्या.

"सरळ सांगितलं असतं," बाबा म्हणाले, "तर हिनं जाऊ दिलं नसतं."

नसतंच दिलं. मी भांडले असते, रडले असते, डॉक्टरांचं नाव पुढं केलं असतं, आणि जिंकले असते. ते काही मी नाकारत नाही. पण मला आता एक गोष्ट आतून कुरतडत होती आणि ती विचारल्याशिवाय मला राहवेना.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही सगळं उलट बोललात ना? मग माझ्याबद्दल जे म्हणालात, तेही उलटंच का?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते वर्गातल्या एखाद्या पोरीनं अगदी पहिल्या धड्यातलं विचारल्यावर पाहायचे.

"अगं वेडे," ते म्हणाले, "बाजू उलटी घ्यायची असते. पुरावे खरेच द्यावे लागतात."

मी सुटकेस घेतली, आतल्या खोलीत गेले आणि बाबांचं कपाट उघडून मोठ्यांदा रडले. वहिनी मदतीला आल्या, तर त्यांच्यावर ओरडले, कारण त्या शर्टांच्या घड्या चुकीच्या घालत होत्या.